उतरवलेलं लिंबू

माझी मुलगी सहा वर्षांची होईपर्यंत फक्त पांढरं खायची. दूध, भात, इडली, कडा काढलेला पाव. भाताला हळदीचं बोट लागलं तरी ताट सरकवायची. बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीत मी मात्र मिरवायचे, आमची चिप्स-चॉकलेटला हातसुद्धा लावत नाही म्हणून.

मग तिचे पाय दुखायला लागले. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. पुढे ती उभीच राहीना, उचलून घेतलं तरी किंचाळायची. एक्स-रे झाला, रक्त तपासलं. कोणी संधिवात म्हणालं, कोणी त्याहून वाईट काहीतरी बोलून गेलं. ही परत चालेल ना, एवढंच माझ्या डोक्यात. बाथरूममध्ये नळ सोडून मी रडून घ्यायचे.

सासूबाई मालवणकडच्या. त्यांचं निदान पहिल्या दिवसापासून तयार होतं. "चेडवाक कोणाची तरी नदर लागली हा." दर शनिवारी त्या बाजारातून चांगलं रसरशीत लिंबू निवडून आणत, नातीवरून उतरवत आणि माझ्या नवऱ्याच्या हातात देत. तो ते नाक्यावर टाकून मागे न बघता परत येई. मला राग यायचा, पण वाद घालायचं त्राण नव्हतं.

शेवटी अंधेरीच्या एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ही खाते काय?" तोवर हे कोणी विचारलंच नव्हतं. मी तोऱ्यात सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अहो, हिला स्कर्व्ही झालाय. सी जीवनसत्त्व पोटात जातच नाहीये. संत्रं, आवळा, गेलाबाजार लिंबू तरी?"

मी शेजारी बसलेल्या सासूबाईंकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. इतकी लिंबं पोरीच्या डोक्यावरून फिरली होती आणि तोंडात एक थेंब गेला नव्हता.

औषध सुरू झालं. सासूबाई आता दोन लिंबं आणू लागल्या. एक उतरवायला, दुसरं भातात पिळायला. भात पांढऱ्याचा पांढराच राहायचा. पोरीने तोंड वाकडं केलं, पण गिळलं.

अशाच एका शनिवारी लिंबू उतरवून झालं. नवरा चप्पल शोधत होता. "मी टाकते," मुलगी म्हणाली आणि सासूबाई "अगो, तू नको!" म्हणेपर्यंत लिंबू घेऊन जिन्यावर पोचलीसुद्धा. भिंतीला धरून, हळूहळू, पण स्वतःच्या पायांनी ती जिना उतरली. मी तिच्यामागून रडत उतरले. परत आलो तेव्हा सासूबाई दारात डोळे पुसत उभ्या होत्या.

"बघलंस? लिंबान काम केल्यान."

"हो आई," मी म्हणाले. कुठल्या लिंबाने, ते काही मी विचारलं नाही.