शेवटच्या पानावरच्या सह्या

मैत्रिणींनो, कॉन्व्हेंटात जेवणानंतर सिस्टर मोठ्यानं वाचायच्या आणि आपण सगळ्या एकाच गोष्टीत गुंगून जायचो, आठवतं? आंदोलनात कॉलेज बंद पडल्यानं हिंगोलीला घरी आलेली मुलं आता तसंच करतात. कॉलेजानं सगळ्यांना नेमून दिलेलं पुस्तक ती रोज दुपारी माझ्या शाळेच्या आवारात मिळून वाचतात. ज्याचं वाचून झालं, त्यानं शेवटच्या पानावर सही करून आपल्या गावाचं नाव लिहायचं, अशी त्यांची रीत.

आज एक अनोळखी गृहस्थ मागे येऊन बसले. गोष्टीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. शेवटचं पान मात्र बोट फिरवत वाचलं.

"बाई, लेकीला वाचाया पायजे. हे पुस्तक नेऊ का?"

मी सह्या नसलेली कोरी प्रत पुढे केली.

"न्हाई, हेच बराबर हाय."

"उद्या देते," मी म्हटलं.

ते गेल्यावर वाचणाऱ्या मुलांतला युसूफ हसला. "बाई, तुमाला तर पोस्टमनचाबी संशय येतो."

"कुरुंद्याच्या दोघा पोरांना पोलिसांनी घरातून धरून नेलं, तेव्हा त्यांचं घर कोणी दाखवलं?"

युसूफनं शेवटचं पान उघडून आपली सही शोधली.

कदाचित त्यांना खरंच मुलगी असेल. तुम्ही काय केलं असतं, कळवा. सह्यांचं पान मी आताच चुलीत घातलं. उरलेलं पुस्तक आपल्यातल्या हट्ट्याच्या शांतेनं ठेवावं. कोरी प्रत त्या मुलीची. ती मी तिच्याच हातात देईन, वडिलांच्या नाही.