पाठ नसलेल्यांचा रामराम

मेजर दुकानाच्या उंबऱ्याशी यायचे, उजवा हात उचलायचे, आणि तो हात छातीच्या जरा वर येऊन थांबायचा. ना सलाम, ना नमस्कार. मी "या मेजर, बसा" म्हटलं की हात खाली जायचा आणि मेजर आत यायचे. मी कामात असले आणि बघितलंच नाही, तर दहा-दहा मिनिटं तसेच उभे. मागचं गिऱ्हाईक "सरका की वो" म्हणायचं, तर हे त्यालाच विचारायचे, "पयला कोण? तुमी का आमी?" गिऱ्हाईक बिचारं माझ्याकडं बघायचं. मी काय सांगणार, कपाळ? तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच, ज्याच्याशी नेमकं कसं वागावं ते वर्षानुवर्षं कळत नाही.

माझं दुकान सांगलीत, हळदीच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. झेरॉक्स, टायपिंग आणि लग्नपत्रिका. मेजर शेजारच्या गल्लीतल्या हळदीच्या गोदामावर राखणीला होते. खाकी पँटच्या मोहऱ्या कायम पिवळ्या. तसे ते निवृत्त हवालदार, पण आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. मूळ गाव माण तालुक्यात, एवढं बोलण्यावरूनच कळायचं.

पहिल्या दिवशी त्यांनी पिशवीतून शंभर पानी वही काढून माझ्यासमोर ठेवली.

"ताई, हे टायपून पायजे. पुस्तक करायचंय."

वर लिहिलं होतं, 'तिकडच्या मंडळींत रामराम घालायची रीत.'

"तिकडची म्हणजे कुठली? तुमच्या माणमधली?"

"न्हाई. ती माणसंच न्हाईत."

"मग काय भुतं?"

"भुतास्नी कोण रामराम घालतंय?"

"मग देव?"

"छ्या! देवाला पयला आपुनच हात जोडतो. तिथं घोळच न्हाई."

"अहो, मग आहेत तरी कोण?"

मेजरनी घसा साफ केला. "त्यास्नी पाठ न्हाई. म्होरनं बी तोंड, मागनं बी तोंड."

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. वहीत तेच लिहिलेलं होतं. माणूस तर शुद्धीत दिसत होता. कॉलर इस्त्रीची, मिशी नीट कापलेली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आधी आला होतात का आमच्याकडं?"

"आलतो. एकदा. पत्रिकेला," असं म्हणून ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागले.

मी मनाशी म्हटलं, निवृत्त माणसाला काहीतरी छंद हवाच. कुणी गच्चीवर गुलाब लावतं, कुणी सकाळी उठून सगळ्या जगाला मोबाइलवर फुलं पाठवतं. ह्यांनी पाठ नसलेली मंडळी काढली. काढू देत. मला काय, टाइप करायचं.

पण टाइप करता करता माझंच डोकं त्यात अडकायला लागलं. पाठ नाही म्हणजे तिकडं कुणी कुणाकडं पाठ फिरवू शकत नाही, हे ठीक. मग निरोप कसा घेतात?

"मागच्या तोंडानं बगत बगत जात्यात," मेजर म्हणाले. "दिसंपतुर."

"म्हणजे घरी पोचेपर्यंत निरोपच चालू?"

"व्हय. म्हणून तर लय लांब कुणी जात न्हाई."

मी टाइप केलं.

खरी गाडी अडायची ती रामरामाशी. पहिला नियम होता, लहानानं मोठ्याला आधी घालावा. दुसऱ्या दिवशी येऊन खोडायला लावला, कारण तिकडं म्हणे वय मोजत नाहीत. मग नवा नियम. दुसऱ्याच्या दारात जो जाईल त्यानं आधी घालावा. तोही चार दिवसांनी गेला. "आन् घरातला गपच राह्यला तर?" मेजर म्हणाले. त्यांचा चेहरा असा पडला होता की नियम त्यांनीच केलाय हे मी विसरले आणि माझ्याकडूनच काही चुकल्यासारखं वाटायला लागलं.

मग दोघांनी एकदमच घालावा असं ठरलं. त्याची तालीम आम्ही दुकानात घेतली. चहावाल्याला मेजरसमोर उभं केलं. मी एक, दोन, तीन म्हटलं. तीन झाले, आणि दोघंही गप. चहावाला मेजरांचा मान ठेवून थांबला आणि मेजर चहावाल्याचा. मी परत तीनपर्यंत मोजलं. परत तेच! तिसऱ्या खेपेला चहावाल्यानं किटली उचलली. "ताई, ह्यांचं काय चाललंय ते मला सांगूच नका. माझा चहा गार झाला."

मेजर मात्र खुर्चीत बसून वहीत बघत राहिले. "बगा, पयला कोण हे ठरल्याबिगर काय व्हतच न्हाई," ते म्हणाले.

मला कीव आली. माझ्याकडं एवढा पंचवीस वर्षांचा अनुभव, तो काय कामाचा? मी म्हटलं, "मेजर, एवढा कशाला घोळ घालताय? आम्ही पत्रिकेत सरळ करतो. थोरल्याचं नाव वर, धाकट्याचं खाली. रुसवे नाहीत, फुगवे नाहीत."

मेजर ताडकन उठले. "पत्रिकेचं नगा सांगू," म्हणाले, वही पिशवीत कोंबली आणि गेले.

मी शिवी दिली होती का? बरं, मी बोलले ते खोटं होतं का? आठ दिवस त्यांचा पत्ता नाही. आधी मला वाईट वाटलं आणि मग चक्क राग आला. नवव्या दिवशी ते उंबऱ्याशी आले, हात उचलला, हात अर्ध्यावर थांबला. या वेळी मी "या, बसा" म्हटलंच नाही.

"मेजर, हा रामराम घालायचाय तरी कुणाला?" मी म्हटलं. "ते आधी सांगा. नाहीतर तुमच्या त्या मंडळींचं पुढचं एक अक्षर मी टाइप करणार नाही."

त्यांचा हात हळूहळू खाली आला. मग ते न बोलावता आत येऊन बसले. असं त्यांनी पहिल्यांदाच केलं.

"थोरला हाय माझा," ते म्हणाले. "नऊ वर्सं झाली, बोलत न्हाई."

बाप लवकर गेलेला. मेंढरं थोरल्यानं सांभाळली, धाकट्याला शाळेत घातलं. भरतीच्या वेळी पहाटे थोरला स्वतः अनवाणी ह्यांच्याबरोबर पळायचा, एकटा पळताना पोरगं कंटाळू नये म्हणून. पुढं मेजरांच्या मुलीचं लग्न निघालं. पत्रिका छापून गावभर वाटून झाली, आणि मग कुणीतरी थोरल्याला वाचून दाखवली. निमंत्रकांत चुलत्यामालत्यांची नावं होती, भावकीतल्या पोराटोरांची होती, थोरल्याचं नव्हतं.

"लग्नाला आला," मेजर म्हणाले. "मांडवाच्या दारात हुबा राह्यला. म्या हात उचलला रामरामाला. हितंवर आला हात, आन् त्यानं पाठ फिरवली. गेला निघून."

त्यांचा हात परत तिथंच, छातीच्या जरा वर येऊन थांबला होता. इतके महिने मी तो हात बघत होते!

"मग जाऊन सांगायचं ना, चूक झाली म्हणून."

"कितींदा गेलो. फाट्यावर उतरतो, आन् माघारी येतो. धाकटा म्हणून पयला म्याच बोलायचं, हे खरं. पर पुन्यांदा पाठ फिरवली तर? आता सत्तरीच्या म्होरं गेलाय त्यो. गुडघं गेल्यात. किती दिस ऱ्हायल्यात कुणाला ठावं?"

ते गेले आणि माझं कामात लक्ष लागेना. 'आलतो एकदा, पत्रिकेला.' पत्रिका कुणाच्या दुकानात केली होती? आमच्याकडं प्रत्येक पत्रिकेचा एक नमुना, गिऱ्हाइकानं आणलेला हस्तलिखित कागद आणि सही केलेलं प्रूफ एकत्र टाचून ठेवायची पद्धत आहे, पुढं भांडण नको म्हणून. दुपारभर जुने गठ्ठे उपसले. सापडली.

मेजरांनी आणलेल्या कागदावर थोरल्याचं नाव होतं, पण त्यांच्या स्वतःच्या नावाखाली. घाईत लिहिलं असणार. मग समासात त्याच अक्षरात लिहिलं होतं, 'थोरल्याचे नाव सगळ्यात वर घ्यावे.' खाली दोन रेघा. मी ते नाव खालून उचललं होतं, आणि वर ठेवायचं विसरले होते. खाली नाही, वरही नाही. थोरल्याचा मान राखायला गेले आणि थोरल्यालाच उडवून बसले.

दुसऱ्या दिवशी मेजर आले तेव्हा मीच उठून दारात गेले. "मेजर, चूक माझी होती," म्हटलं आणि रडायलाच लागले.

"ठावं हाय की," ते म्हणाले.

"ठाऊक होतं? मग इतके दिवस बोलला का नाहीत? भावाला तरी सांगायचं, छापणारीनं घोळ केला म्हणून!"

"प्रूफ म्या वाचलं. सही माझी हाय. छापणाऱ्यावर कसं ढकलू?" मग जरा थांबून म्हणाले, "भांडायचं म्हणूनच आलतो मी, ताई, वही घिऊन. पर तुमी पयल्यांदा म्हणला, या, बसा. मग काय भांडू?"

त्या दिवशी मी त्यांना चहा पाजला. मग मेजर आपणहून बोलायला लागले. लहानपणी विहिरीवर दोघं भाऊ एकेक बादली शेंदायचे आणि दगडी डोणीत ओतायचे, मेंढरांसाठी. माणमधला उन्हाळा. मेंढरांचं होईपर्यंत दोघांपैकी कुणी घोट घ्यायचं नाही, अशी आईची सक्त ताकीद.

"मग तिथं पयला कोण असायचं?" मी त्यांच्याच सुरात विचारलं.

मेजरनी कप खाली ठेवला. वही उघडली, सगळे नियम उभी रेघ मारून खोडले, आणि त्याखाली नवीन लिहिलं. 'तिकडच्या मंडळींत दोघे आपापले पाणी घेऊन यावेत. एका डोणीत ओतावे. कुणी बोलू नये. मेंढरू पिऊन मान वर करील तेव्हा रामराम झाला असे समजावे. पहिले मेंढरू.'

त्या पाठ नसलेल्यांकडं मेंढरं कुठून आली, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

पुस्तक सोळा पानांचं झालं. मेजरनी प्रती पिशवीत भरल्या आणि गोदामावर नेऊन ठेवल्या. कुणाला दिल्या नाहीत. तेव्हा मी एक आगाऊपणा केला. एक प्रत, समासातल्या दोन रेघांसकट त्या कागदाची झेरॉक्स आणि माझं माफीचं पत्र, असं सगळं थोरल्यांच्या नावानं टपालात टाकलं. गावाचा पत्ता पत्रिकेतच होता. मेजरना सांगितलं नाही.

पंधरा दिवस झाले तरी उत्तर नाही. मग मेजरच यायचे बंद झाले. गोदामावर विचारलं तर म्हणे गावाला गेले, फोन लागत नाही. काय झालं असेल? थोरल्यांनी कागद फाडून टाकले? ह्यांना निरोप धाडला, बायकांकडून पत्रं कसली पाठवतोस म्हणून? की काही बरंवाईट झालं? उंबऱ्यावर कुणाची सावली पडली की मी नुसतीच "या, बसा" म्हणायचे. वर बघितलं की भलतंच कुणीतरी झेरॉक्सला आलेलं असायचं.

शेवटी एका रविवारी विट्याची गाडी धरली, तिथून मायणी, तिथून पुढं. फाट्यावर उतरले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. मेजर फाट्यावरून माघारी का फिरायचे ते मला तिथं कळलं. माझेही पाय निघेनात. थोरल्यांसमोर जाऊन मी बोलणार काय होते?

विहिरीपाशी मेजरच दिसले, धोतरात. पायाला हळदीचा कणही नाही. मला बघून त्यांनी हात उचलला, आणि तो हात पार कपाळापर्यंत गेला.

"ताई! रामराम!"

"अहो, कळवायचं तरी! जीव टांगणीला लागला होता माझा."

"काय सांगू? नेमासारखा फाट्यावर उतरलो. माघारी फिरणार, तर थोरला रस्त्याकडंला हुबा, हातात बादली, मागं एक मेंढरू. तुमचं टपाल वाचून घेतलं, आन् मग चार दिस रोज गाडीच्या वक्ताला येत व्हता म्हणं, गुडघं धरून. माझ्यापाशी कुठली बादली? पाण्याची बाटली व्हती, तीच त्याच्या बादलीत वतली."

"मग? काय बोलले?"

"काय न्हाई. मेंढरू पिलं. मान वर केली. मग म्हणला, जेवलास का?" मेजरनी उपरण्यानं डोळे पुसले. "आता गोदामाची नोकरी सोडली. मेंढरं त्याला एकट्याला झेपत न्हाईत."

एवढ्यात झाडामागून काठी टेकत थोरले आले. एका हातात भरलेली बादली. मेजर त्यांना माझ्याबद्दल काही सांगायला गेले नाहीत. सांगायची गरज नव्हती. थोरल्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि जागच्या जागी थांबले. मी हात जोडायला गेले, आणि देवाशपथ, हात वर जाईनात. ज्या माणसाचं नाव मी उडवलं, नऊ वर्षं ज्याचा भाऊ मी तोडला, त्याला कुठल्या तोंडानं नमस्कार करायचा?

मेजरनी विहिरीच्या काठावरची भरलेली कळशी उचलून माझ्या हातात दिली.

मी डोणीपाशी गेले आणि कळशी रिकामी केली. पलीकडून थोरल्यांनी बादली ओतली. एक कानतुटकी मेंढी पुढं आली आणि पाणी प्यायला लागली. किती वेळ पीत होती कोण जाणे. आम्ही तिघं तिच्याकडं बघत उभे.

तिनं मान वर केली.

"जेवून जावा," थोरले म्हणाले.