सिरियस म्हणजे अजून आहेत

लग्नाची हळद अंगावरून पुरती उतरली नव्हती, तेव्हा मी कणकवलीपुढच्या आमच्या फाट्यावर एस.टी.त बसले. वडील खिडकीखाली उभे होते. म्हणाले, “मुंबयक जातस, चार इंग्रजी शब्द शीक. कोणी फसवूक नको.” आई तांदळाच्या पिशवीची गाठ पुन्हापुन्हा ओढून बघत राहिली.

ऐंशीनंतरची ती पहिली वर्षं. घाटकोपरच्या टेकडीवर, पत्र्याच्या छपराची आमची जागा. वसंत साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. आता लिहिताना मी नाव घेते. तेव्हा ‘हे’ म्हणत असे, किंवा नुसतंच ‘अहो’. शेजारी हंसाबेन होत्या. त्यांची भारती कॉलेजात जायची, मराठी आमच्याहून फास्ट बोलायची. तिच्याकडून मी शब्द उचलले: अॅडजस्ट, टेन्शन, शिफ्ट. गावाहून कुणी आलं की मी मुद्दाम ते बोलण्यात पेरायची, आणि वसंत हसू दाबत भिंतीकडे बघायचे.

दुसऱ्या वर्षी त्यांना कावीळ झाली. वस्तीत बऱ्याच जणांना झाली होती, पथ्य पाळून बरेही झाले होते. यांचे डोळे मात्र पिवळे होत गेले. मग एका सकाळी ते असंबद्ध बोलायला लागले. मला त्यांनी बहिणीच्या नावाने हाक मारली. भारतीने रिक्षा आणली आणि आम्ही त्यांना मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तरुण डॉक्टर तपासून बाहेर आले आणि म्हणाले, “पेशंट सिरियस आहे.”

मी तिथेच खाली बसले आणि मोठ्याने रडायला लागले. गावातल्यांनो, तुम्हाला याचं नवल वाटणार नाही. आपल्याकडे मुंबईहून तार यायची ‘सिरियस’ म्हणून, आणि माणूस तेव्हा गेलेला असायचा. वाटेत नातेवाइकांचं काळीज फुटू नये म्हणून तसं लिहायची रीतच होती. माझे काका असेच ‘सिरियस’ झाले होते. मला त्या शब्दाचा तेवढा एकच अर्थ माहीत होता.

भारतीने माझे खांदे धरून हलवलं. “वहिनी, ऐक ना. गेले नाहीत. सिरियस म्हणजे अजून आहेत. तब्येत गंभीर आहे, एवढंच.”

एवढंच. मी उठले, तोंड धुतलं. ज्या शब्दाने मी विधवा झाले होते त्याच शब्दाला आता धरून बसले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर ‘क्रिटिकल’ म्हणाले. मी भारतीला विचारलं, हे सिरियसपेक्षा कमी की जास्त? तिने मान फिरवली. मला कळलं.

सासू-सासऱ्यांना बोलवायला हवं होतं. आम्ही दोघी तार ऑफिसात गेलो. खिडकीतल्या कारकुनाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सिरियस टाका बाई. सगळे तेच टाकतात.”

“नको,” मी म्हटलं. “ते जिवंत आहेत.”

“मग आजारी टाकू? सिक?”

सिक म्हटलं तर सासरे म्हणणार, नांगरणी आटपून जाऊ. सिरियस म्हटलं तर घरात रडारड सुरू होणार, आणि इकडे हे श्वास घेतायत. माझ्याने ते होईना. मी खिडकीचे गज धरून उभी राहिले. मागच्या लोकांनी कुरकुर केली, तरी हलले नाही. भारती हळूच म्हणाली, “जिवंत आहेत, असंच टाकू या का?”

“नाव सांगा,” कारकून म्हणाला.

“वसंत,” मी म्हटलं. उखाणा सोडला तर आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं, तेही अनोळखी माणसापुढे. तार गेली: वसंत अलाइव्ह, क्रिटिकल, कम अॅट वन्स.

तिकडे काय झालं ते सासऱ्यांनी मला मागाहून सांगितलं. शाळेतल्या गुरुजींनी तार वाचून अर्थ लावला. सासरे ओट्यावर बसले ते उठेचनात. “जित्या माणसाक कोण जितो म्हणान लिवता?” असं म्हणाले. आळीतली माणसं जमली, चूल विझवली, यांच्या आत्याने हंबरडा फोडला. माझी सासू तेवढी उभी होती. ती म्हणाली, “सुनेन लिवल्यान जितो आसा. म्हणजे जितो आसा.” तिने कुळथाचं पीठ बांधून घेतलं, आणि रडणाऱ्या बायकांच्या मधून वाट काढत ती फाट्यावर जाऊन उभी राहिली. तिच्या मागोमाग सासरेही निघाले.

वॉर्डात शिरल्यावर ती थेट त्यांच्या उशाशी गेली. कितीतरी वेळ त्यांचं कपाळ चोळत राहिली. दुपारी वसंतनी डोळे उघडले. ज्याने मला ओळखलं नव्हतं त्या माणसाने आईकडे बघून विचारलं, “आये, कधी इलंस?”

“आताच,” ती म्हणाली. “पेज खातंलस?” त्यांनी मान हलवली. दोन चमचे पोटात गेले. सासरे दाराशी उभे राहून हमसाहमशी रडत होते.

मला वाटलं, आता सुटलो. पण त्यानंतर ते पुन्हा बोलले नाहीत. दुसऱ्या सकाळी डॉक्टर भारतीशी नवा शब्द बोलले: सिंकिंग. ती मला सांगेना. मी तिचा हात सोडला नाही, तेव्हा म्हणाली, “बुडतायत, असं काहीतरी, वहिनी.”

आपल्याकडे होडी बुडायला लागली तर किनाऱ्यावरची माणसं कपड्यांनिशी उड्या टाकतात. मी डॉक्टरांच्या मागे धावले. म्हटलं, “बुडतायत, तर मग काढा ना त्यांना.” त्यांना मराठी येत होतं. तरी ते पुढच्या खाटेकडे वळले.

संध्याकाळच्या आत नर्सने येऊन सांगितलं, एक्स्पायर झाले. या शब्दाचा अर्थ मी कुणाला विचारला नाही.

दिवसकार्य झाल्यावर सासरे म्हणाले, “चल गावाक. हय तुझा कोण आसा?” मी निमूटपणे भांडी गोणीत भरत होते. सासूने ती एकेक काढून परत फळीवर मांडली. “माझो झील, माझो वसंत हयच रवलो,” ती म्हणाली. “मी हयसून खय जाव?” सासरे गुरांसाठी एकटेच परतले. मी एका शिवण-कारखान्यात शर्टांचे धागे कापायला लागले. सासू दिवसभर हंसाबेनच्या ओट्यावर बसायची. एकीला गुजराती येत होतं, दुसरीला मालवणी, तरी दोघींचं संपायचं नाही.

आता तिथे इमारत झाली आहे, लिफ्ट आहे. सासू नाही, सासरेही नाहीत. भारती मुलुंडला असते, दिवाळीत येऊन जाते. तुम्ही सगळे अजून विचारता, मुंबईतली खोली विकून घरी कधी येतेस? आपली माणसं अशीच बोलतात, घर गावात आणि मुंबईत खोली. मी येते, चार दिवस तुमच्याकडे राहते. अंगण आहे, वारा आहे, जीव लावणारे तुम्ही आहात. पण तार आली त्या दिवशी गावच्या ओट्यावर तुम्ही वसंतसाठी रडून घेतलंत तेव्हा ते इथे जिवंत होते. त्यांनी आईला ओळखलं, पेज खाल्ली. त्यांचा तो शुद्धीतला शेवटचा दिवस या शहरातच आहे. म्हणून चार दिवस झाले की मी पिशवी भरते, आणि कुणी विचारलं तर सांगते, घरी चालले.