पेट्रोलचा काटा

जोगेश्वरीच्या त्या मीटरवाल्याला मी नाव विचारलंच नाही. बाबांना त्यांची जुनी अमेरिकन गाडी प्रदर्शनात ठेवायची होती. डॅशबोर्डवरचे सगळे मीटर कंपनीचेच आहेत, हे त्याच्या तोंडून ऐकायला ते आले होते. मी मात्र घाबरले होते. पुसताना पेट्रोलच्या मीटरची काच माझ्याकडून फुटली होती आणि मी गुपचूप नवा मीटर मागवून बसवून घेतला होता.

तो प्रत्येक मीटरला आधी टिचकी मारायचा, मग चष्मा कपाळावर चढवून नाक काचेला टेकवायचा.

“कंपनीचा काटा उन्हानं फिका पडतो, साहेब. डुप्लिकेट म्हातारा होत नाय.”

पेट्रोलच्या मीटरपाशी तो थांबला. तिथला काटा लालभडक होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे पाहिलं.

“काय झालं हो?” बाबांचा चेहरा उतरला.

“काय नाय. सगळे कंपनीचे. हा जरा सावलीत बसला असेल.”

तेव्हापासून गाडी बघायला आलेल्या प्रत्येकाला बाबा डॅशबोर्डवरची ती सावलीची जागा दाखवतात. मीही वाकून बघते.