लिंबू आणि लेडीज सायकल

भंगाराच्या दुकानात एक फेरी मारल्याशिवाय माझा रविवार साजरा होत नाही. बायको म्हणते, लोक सुट्टीच्या दिवशी देवळात जातात, आमचे हे भंगारात जातात. जातो, काय करू? तिथे मोडक्या कूलरमागे कुठेतरी सायकलचं हँडल वर आलेलं दिसतं आणि मला राहवत नाही. ती संध्याकाळच्या ट्रकातून वितळायला जाणार, हे कळल्यावर तर अजिबातच नाही.

गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये अशा सोडवून आणलेल्या सायकली ओळीने उभ्या असतात. गंजलेले नट डिझेलमध्ये भिजवायचे, छर्रे धुऊन नव्या ग्रीसमध्ये बसवायचे, रिम घासत बसायचं. शेवटी चाक हाताने फिरवलं की ते आवाज न करता कितीतरी वेळ फिरत राहतं. तेव्हा मला जो आनंद होतो, तो मुलाच्या पहिल्या पगारालाही झाला नव्हता. अर्थात हे मी घरात बोलून दाखवलेलं नाही.

यंदा पावसाळ्यात भंगारवाल्याचा फोन आला. "काका, लेडीज आलीय एक. ट्रक भरायला घेतलाय, लवकर या." मी पायात स्लिपर होत्या तसाच निघालो. पोचलो तेव्हा सायकलबाई ट्रकात चढलेल्याच होत्या. एक पायडल फाळक्यात अडकलं होतं, म्हणून माझ्या हाती लागल्या. सीट नाही, मडगार्ड अर्धं गंजलेलं, पण फ्रेम अगदी सरळ.

घरी आणली, तेव्हा "आणलंत अजून एक धूड?" हे ऐकायची तयारी ठेवली होती. पण बायकोने सायकलभोवती एक चक्कर मारली, मुक्या घंटीवर बोट दाबून पाहिलं आणि म्हणाली, "ही माझ्यासाठी करा."

तिला सायकल येत नाही, हे मला माहीत होतं. का येत नाही, हे इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी तिनेच सांगितलं. तिचं माहेर चांदवडचं. घरात सायकल एकच, भावाची. दर दसऱ्याला ती धुवायची हिने, हळदकुंकू वाहायचं हिने, हार घालायचा हिने, चाकापुढे लिंबू ठेवायचं तेही हिनेच. मग भाऊ लिंबू चिरडून गावभर हिंडायला जायचा आणि ही मागे राहून लिंबाचा चोथा झाडायची. एकदा मागितली, तर आई म्हणाली, पडलीस आणि हातपाय मोडले तर लग्न कोण करेल?

"आता लग्न होऊन गेलंय," बायको म्हणाली. "आता पडले तरी चालेल. पण दसऱ्यापर्यंत आली तर आली. नाही आली तर ही परत भंगारात, आणि तिच्यासोबत तुमची सगळी फौज."

झालं! सायकल तर मी जीव ओतून केली. रंग तिने निवडला, मोरपंखी. घंटीही बोलायला लागली. मग रोज सकाळी पार्किंगमध्ये आमची शाळा सुरू झाली. मी मागून सीट धरून पळायचो. धरलं असेपर्यंत सगळं छान. हात काढला की बाईंना कसं कळायचं देव जाणे, दोन्ही पाय जमिनीवर.

"सोडलंत ना?"

"अगं, सोडल्याशिवाय येणार कशी?"

"ओरडू नका!"

मी ओरडायचो, हे खरं आहे. वॉचमन तोंड फिरवून हसायचा. दसरा जवळ आला तरी गाडी तिथेच. एका सकाळी ती पायरीवर बसली आणि तिला रडू आलं. रडताना तिची माहेरची बोली बाहेर येते. "नाय यायची मला आता. लय उशीर झाला." मला फार वाईट वाटलं. माझ्या फौजेचं नाही, तिचं.

दसऱ्याला सगळ्या सायकली धुऊन झेंडूचे हार घातले. बायको ताट घेऊन खाली आली, त्यात लिंबू.

"अगं, आमच्याकडे लिंबू नव्या गाडीलाच ठेवतात. ही चाळीस वर्षांची तरी असेल."

"माझ्यासाठी नवीच आहे. आणि या वेळी लिंबू तुम्ही ठेवायचं."

तिने ताट माझ्या हातात दिलं आणि सीटवर बसली. मी वाकून पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. आता, मोटारीच्या वजनाखाली लिंबू फटकन फुटतं. इथे सायकल जराशी पुढे सरकली, लिंबू चाकाखालून निसटलं आणि उतारावरून फाटकाकडे पळत सुटलं.

"अहो, लिंबू!" ती ओरडली. जन्मभर दसऱ्याची लिंबं ठेवलेली बाई ती, न फुटलेलं लिंबू पळून जातंय हे तिला कसं सहन होणार? मी धरलंय की नाही, हे तिने विचारलंच नाही. मी तर ताट हातात घेऊन उभा होतो. ती पायडल मारत लिंबामागे सुटली. लिंबू उघड्या फाटकाच्या जमिनीवरच्या लोखंडी पट्टीला अडलं, चाक त्यावरून गेलं, फच्च झालं आणि बायको फाटकाबाहेर!

मी ताटासकट मागे धावलो. "ब्रेक दाब! ब्रेक!" कसला ब्रेक! सुट्टीची सकाळ, गल्ली मोकळी. गल्लीच्या टोकाला तिने भलंमोठं वळण घेतलं आणि घंटी वाजवत परत आली. तोंड भरून हसत होती. लग्नाच्या फोटोतसुद्धा ती अशी हसलेली नाही.

"फुटलं का हो लिंबू?"

"फुटलं!"

ती थांबली नाही. माझ्या शेजारून पुढे गेली, दुसऱ्या फेरीला. मी ताट पायरीवर ठेवलं, वॉचमनकडून झाडू मागून घेतला आणि फाटकातला लिंबाचा चोथा झाडायला लागलो.