शेवटच्या पंगतीतली वाटी

अनन्या आणि निखिल,

दिवाळीचा फोटो पाहून अनन्याने फोनवर दबक्या आवाजात विचारलं, "आजी, खरं सांग, तुला काय झालंय?" इथे मैदानावर फिरायला येणाऱ्या बायकांनाही हाच प्रश्न पडतो. फक्त त्या मला न विचारता तुमच्या आजोबांना विचारतात. तुमच्या आईबाबांना सगळं ठाऊक आहे, पण तेव्हा तुम्ही लहान होतात. आता डिसेंबरात तुम्ही येणार आहात आणि मला जेवताना बघणार आहात. मी वाटीभर खाऊन थांबले तर घाबरू नका, आणि आग्रह तर मुळीच करू नका. आपल्या घरात गुडघे आणि मधुमेह दोन्ही वारशाने मिळतात, त्यामुळे पुढे कधी तुमच्या किंवा तुमच्या ओळखीच्या कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

सुरुवात गुडघ्यांपासून झाली. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "मॅडम, हाडावर हाड घासतंय. सांधा बदलावा लागेल. पण या वजनावर मी सुरी लावणार नाही." माझं वजन तेव्हा एकशे अठरा किलो होतं. इन्सुलिन दोन वेळा चालू होतं. झोपेत मधूनच श्वास थांबायचा. त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. मला त्याचा पत्ताही नसायचा, पण शेजारी आजोबा जागे असायचे. "डाएट करून झालं का?" डॉक्टरांनी विचारलं. मला हसू आलं. काकडीपासून कारल्याच्या रसापर्यंत माझं सगळं करून झालं होतं. मग त्यांनी बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीचं नाव काढलं. वजन कमी करण्यासाठी पोटावर करायची ही शस्त्रक्रिया तेव्हा नाशिकात फारशी कुणाला माहीत नव्हती. त्यांनी मुंबईच्या एका सर्जनचं नाव दिलं.

घरी येऊन मी पहिल्यांदा माईंना सांगितलं. माई म्हणजे तुमची मोठी आजी, माझ्या थोरल्या जाऊबाई. सिन्नरकडच्या खेड्यातून त्या या घरात आल्या, शाळा चौथीपर्यंत. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली आणि शाळेत शिकवणारी. आमच्यात सारखं असं काही नव्हतंच. फक्त सगळ्यांना वाढून झालं की शेवटी आम्ही दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसायचो. गंगापूर रोडच्या या घरात आलो तेव्हा आजूबाजूला भाजीचे मळे होते. मळे गेले, पोरं वाढली, परदेशी गेली, तुमचे आजोबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले, पण आमची शेवटची पंगत मोडली नाही. सासूबाईंवरचा राग तिथेच निघायचा, पोरांची लग्नं तिथेच ठरायची. पातेल्यात उरलेलं टाकायचं नाही म्हणून दोघी वाटून घ्यायचो. मूठभर भात, अर्धी पोळी, आमटीचा तळ. माझं वजन याच पंगतीत वाढलं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि नेमकी हीच पंगत मला सोडायची नव्हती.

माईंनी ऐकून घेतलं. "पोट कापून लहान करणार? म्हंजे चिमणीवानी खाणार तू?"

"साधारण तसंच."

"मग मी जेवायला कोणासंगं बसू?"

"माझ्याच संगे. मी कुठे जाते आहे?"

"बसशील गं. पण जेवशील का?" असं म्हणून त्या भांडी आवरायला उठल्या.

शस्त्रक्रिया मुंबईला झाली, जुलैत. तिला गॅस्ट्रिक बायपास म्हणतात. जठराचा वरचा छोटा भाग वेगळा करून त्याची साधारण अंड्याएवढी पिशवी करतात आणि आतडं थेट तिला जोडतात. अन्न बाकीच्या जठराला वळसा घालून पुढे जातं. हे सगळं पोटावरच्या लहान लहान छिद्रांतून, दुर्बिणीने करतात. सर्जन तरुण होते आणि स्पष्ट बोलणारे. "आमचं काम दोन-तीन तासांचं, आजी. तुमचं काम जन्मभराचं."

ते खरं निघालं. आधी नुसते द्रव पदार्थ होते: मुगाचं पाणी, पातळ ताक, गाळलेलं सूप, तेही चमच्याने. मग मिक्सरमधून काढलेलं वरण. मग कुस्करलेली उसळ, पनीर, मुगाचं मऊ धिरडं. आधी प्रथिनं खायची, जागा उरली तर बाकीचं. जेवताना पाणी प्यायचं नाही, अर्धा तास आधी किंवा नंतर प्यायचं. घास तोंडातच पातळ होईपर्यंत चावायचा. घाईने गिळला तर छातीत अडकतो आणि मग उलटी झाल्याशिवाय सुटका नाही. पोळी आणि मोकळा भात सगळ्यात जास्त अडकायचे.

तुम्हाला वाटेल भुकेने हाल झाले असतील. तसं झालं नाही. पहिले काही महिने भूक जवळजवळ नव्हतीच. सवय मात्र होती. पोट भरलं तरी हात पातेल्याकडे जायचा.

माझी चूकही त्या हातानेच झाली. भाद्रपदात आपल्याकडे महालक्ष्म्या बसतात, नैवेद्याला पुरणपोळी असते. सगळे जेवून उठले. माईंनी ताट घेतलं, मी वाटी घेतली. पातेल्याच्या कडेला पुरण चिकटून राहिलं होतं, लिंबाएवढं. माईंनी आग्रह केला नाही. मीच ते बोटांनी निपटून घेतलं, खाल्लं आणि वर वाटीभर कटाची आमटी प्यायले. माईंचा चेहरा इतका खुलला की मला वाटलं, चला, जमलं.

थोड्याच वेळात छाती धडधडू लागली. अंगाला दरदरून घाम सुटला, हातपाय कापायला लागले, पोटात कळा आल्या. मी तिथेच फरशीवर आडवी झाले. याला डंपिंग म्हणतात. जठर लहान झाल्यामुळे गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरतो आणि शरीर गडबडतं. तासाभरात ते ओसरलं. मला हे आधी सांगितलेलं होतं. माईंना कुणीच सांगितलं नव्हतं. त्या माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "पातेलं मीच पुढ्यात ठिवलं गं. मीच ठिवलं."

दुसऱ्या दिवसापासून माई माझ्याआधी जेवू लागल्या, ओट्याशी उभ्या उभ्या, चार घासांत.

एरवी सगळं उत्तम चाललं होतं. इन्सुलिन बंद झालं. आजोबा रात्री झोपू लागले. पाटल्या हातातून गळायला लागल्या, त्या काढून ठेवल्या. चौथ्या महिन्यात केस मुठीने गेले. तेव्हा मी घाबरले, पण ते पुन्हा येतात असं डॉक्टर म्हणाले होते आणि ते आलेही. दंडाची कातडी लोंबते, ती लोंबतेच. ती झाकायला मी कोपरापर्यंतचे ब्लाउज शिवून घेतले. बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या आहेत, त्यात हयगय चालत नाही. आरशातली बाई मला आवडत होती.

पण दुपारी वाटी घेऊन एकटी बसले की मी पेपर वाचत भराभर खायची आणि मग ओकायची. आहारतज्ज्ञ बाईंनी तपासणीच्या वेळी विचारलं, "कोणाबरोबर जेवता?" मी म्हटलं, कोणाबरोबरच नाही. "मग आधी ते बदला. गप्पा मारत जेवलात की घास आपोआप सावकाश होतो."

मी हे माईंना येऊन सांगितलं, जरा ऐटीतच, डॉक्टरी सल्ला म्हणून.

"तुझ्या बाईला सांग, मला नाय जमायचं," माई म्हणाल्या. "तुझ्या वाटीकडं बघितलं की मला ती फरशी दिसती."

"माई, चूक माझी होती."

"कोणाची का असंना. मी जेवले."

तो हिवाळा असाच गेला. माझा आकडा दर महिन्याला खाली येत होता आणि डॉक्टर माझ्यावर खूश होते. मी मात्र स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळायची.

उन्हाळ्यात माईंचे उरलेसुरले दात काढले आणि कवळी बसली. ती हिरड्यांना लागायची. ओट्याशी उभ्याने चार घास घेणं बंद झालं. पुरुषांबरोबर बसल्या तर ते हात धुऊन उठायचे आणि यांची अर्धी भाकरी तशीच. एका दुपारी मी वाटीतली उसळ कुस्करत होते. माई ताट घेऊन आल्या.

"सरक जरा. माझ्याच्यानं चाववत नाय. त्या लोकांना लय घाई."

मी सरकले. त्यांनी भाकरी आमटीत चुरली, एक घास घेतला आणि बराच वेळ चघळत राहिल्या. मीही माझा चघळत होते. एकमेकींकडे बघून आम्ही एकदमच हसलो. माईंनी तोंडावर पदर धरला, कवळी सुटू नये म्हणून.

"तुझं पोट नवं, माझं तोंड नवं," त्या म्हणाल्या. "म्हातारपणी दोघी नव्या नवऱ्या."

आमटीत भिजवलेली भाकरी त्यांना ओट्याशी उभ्यानेही गिळता आली असती. कवळी हे कारण होतं की निमित्त, ते मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी पातेल्यात थोडी आमटी उरली. माईंनी ते उचललं, माझ्या पुढ्यात ठेवलं नाही, झाकून फ्रिजमध्ये ठेवलं. आठवड्याने त्यांनी मोठं पातेलं माळ्यावर चढवलं आणि लहान पातेलं काढलं. "एवढ्याशात काय शिजवायचं, भातुकली?" असं म्हणून आजही कुरकुरतात, पण शिजवतात त्यातच.

वजन उतरल्यावर गुडघ्यांनी काही वर्षं निभावून नेलं, शेवटी गेल्या वर्षी डावा बदलला. आता वजन चौऱ्याहत्तर आहे आणि मी मैदानाला दोन फेऱ्या मारते. जमिनीवर बसता येत नाही, म्हणून स्वयंपाकघरात दोन खुर्च्या आल्या आहेत. तुम्ही याल तेव्हा पोटभर जेवा आणि खुशाल आमच्याआधी उठा. सगळ्यांचं झालं की माई आणि मी शेवटी बसतो. त्यांचं ताट असतं, माझी वाटी असते, आणि आम्ही दोघी बरोबर जेवतो.

तुमची,
आजी