ब्रेकवरचा पाय

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. सांगितली असती तर ती आधी हसली असती — आणि हसून झाल्यावर तिनं माझ्याकडे कसं पाहिलं असतं, या भीतीनंच गप्प राहिलो.

मोटारसायकलवर कसं बसावं, हे मी पोरांना शिकवतो. फूटरेस्टवर टाच नव्हे, पायाचा पंजा. गुडघे टाकीला चिकटलेले. कंबरेतून पुढं झुकायचं, पण भार मनगटांवर नाही, कोपरं सैल. आणि उजवा पाय — त्याचंच तर सांगायचंय. पण आधी मामांचं सांगतो.

सातवीत शाळा सुटली, विशीत चिपळूणहून नागपूरला आलो. सीताबर्डीतल्या गॅरेजचे मालक सगळ्यांचेच मामा. त्यांनी काम आणि राहायला जागा दिली, मामींनी रोज ताट वाढलं. त्यांच्या तिखट रश्शानं माझ्या डोळ्यांना पाणी यायचं. पोराला घर आठवतंय असं वाटून त्या आणखी वाढायच्या. अशा माणसांनी "गाडी चालवता येते ना गा?" विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? हो म्हणालो. गावी डॉक्टरांच्या उभ्या गाडीवर बसलो होतो, एवढंच.

बाकीचं गुलाबदादांनी शिकवलं. ते गॅरेजचे ब्रेकवाले. त्या कामाला दुसरा कुणी हात लावायचा नाही. "पाय लटकवून काहून बसून राहिला? म्हशीवर बसला काय?" म्हशीचं मी सुधारलं. उजवा पाय नाही सुधारला. तो भीतीनं ब्रेकवर टेकलेला असायचा — हलकासा, कायमचा. उचलला की वाटायचं, गाडी मला घेऊन थेट मध्य प्रदेशात जाईल.

एका ठेकेदाराच्या मुलाची शर्यतीची गाडी आली. दादांनी नवा ब्रेक बसवला आणि मामांनी मला ती कामठीपर्यंत फिरवून आणायला सांगितलं. गेलो. झुकून, गुडघे आवळून, ऐटीत — ब्रेक दाबून. परतलो तेव्हा मागच्या चाकातून धूर येत होता. मामांनी पाणी शिंपडलं तर तव्यासारखं चरचरलं.

"गुलाब, किती टाईट केला गा?"

"मामा, मह्या हातचा ब्रेक असा चिपकत नाही."

"मंग काय या पोराच्या पायानं जळला?"

सगळे हसले. मी सांगायला तोंड उघडलं होतं, खरंच — पण बाहेर पडलं ते हसूच. सांगितलं असतं तर काय झालं असतं? चार शिव्या, आणि रात्री ताट. तेव्हा मात्र मला माझी पत्र्याची पेटी रस्त्यावर पडलेली दिसली.

मामांनी दादांना पंक्चरला बसवलं. ब्रेकचं काम आलं — माझ्याकडे. पाय सुधारेपर्यंत मी आणखी ब्रेक जाळले. आता निदान ते गुपचूप बदलताही येत होते.

पण एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं. एका दुपारी ट्यूब घासता घासता दादा थांबले. दोन्ही हात उलटेपालटे करून पाहू लागले.

"तू तं संगं राह्यतं. खरं सांग — मह्या कामात काही खोट आली काय गा?"

इतकं सरळ मला पुन्हा कुणी काही विचारलं नाही. मी त्यांचे हात हातात घेतले, निरखून पाहिल्यासारखं केलं.

"वय होतं, दादा," मी म्हणालो. "नजर कमी होते."

ते तेव्हा चाळिशीचेही नव्हते.

पुढच्या आठवड्यात दादा चष्मा लावून आले. "आता बराबर दिसून राहिलं," म्हणाले. मी म्हणालो, शोभतो तुम्हाला.